कोल्हापूरचा ई वॉर्ड: रेल्वेनंतरच्या वसाहती आणि त्यांतली घरे

रंकाळवेस:

कोल्हापूरच्या वास्तुवारशाची चर्चा निघाली की ती अंबाबाईचे मंदिर, भवानी मंडप, जुना राजवाडा आणि मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडे केलेल्या इमारती यांच्याभोवतीच फिरते. त्यात गैर काही नाही. टाउन हॉल, आजचे सीपीआर रुग्णालय आणि १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिलेला नवीन राजवाडा या इमारतींतील काळ्या दगडाचे घडीव काम पाहण्यासारखेच आहे. (मँट १८८१ मध्ये वारले, त्यामुळे राजवाडा पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही, आणि बडोद्याचा त्यांचा लक्ष्मीविलास पॅलेसही दुसऱ्यानेच पुरा केला.) मात्र या इमारती सरकारी आणि दरबारी कामांसाठी होत्या. अडत्या, वकील, शाळामास्तर, दरबारचा कारकून अशा सामान्य कोल्हापूरकराने विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत स्वतःसाठी कसे घर बांधले हे पाहायचे असेल, तर ई वॉर्डात जावे लागते, आणि तो वॉर्ड वारसा म्हणून कोणाच्या खिजगणतीत नाही.

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. स्टेशन जुन्या गावठाणाच्या पूर्वेला बरेच बाहेर आल्यामुळे गाव पुढे कोणत्या अंगाला वाढणार, हे तेव्हाच ठरून गेले. शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी स्टेशनलगत शाहूपुरी ही नवी पेठ वसवली. हेतू उघडच व्यापाराचा होता: गुळाला हक्काची बाजारपेठ मिळावी आणि ती रेल्वेच्या तोंडाशी असावी. पाठोपाठ प्लेग आला. दाट वस्तीच्या पेठा रिकाम्या करून माणसांना गावाबाहेर मोकळ्या जागी हलवण्यात आले, आणि माळावर राहणे म्हणजे वनवास नव्हे, ही समजूत लोकांत तेव्हापासून रुजू लागली असावी असे मला वाटते. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात, विस्ताराला वेग आला. राजारामपुरी, ताराबाई पार्क, साईक्स एक्स्टेंशन हा सगळा प्रदेश आजही मिळकत पत्रिकेवर ‘ई वॉर्ड’ म्हणूनच नोंदला जातो.

माझे म्हणणे एका वाक्यात मांडायचे तर असे की, या वसाहतींत वाड्यातला चौक घराच्या बाहेर आला आणि त्याचे कंपाउंड झाले. शिवाजी पेठेतले किंवा मंगळवार पेठेतले जुने घर शेजारच्या घराला भिंत लावून उभे असते. रस्त्याकडे त्याची दिंडी (लहान दार), एखादी लहान खिडकी आणि बाकी सगळी पाठ. उजेड, वारा, पावसाचे पाणी, धान्य वाळवण्याची जागा, बायकांचा दुपारचा वावर हे सर्व आतल्या चौकात. राजारामपुरीत सरळ मुख्य रस्ता, त्याला काटकोनात फुटलेल्या गल्ल्या आणि मापून आखलेले चौकोनी भूखंड मिळाले. भूखंडाच्या मधोमध घर बांधून चारी बाजूंनी जागा सोडायची म्हटल्यावर आत चौक ठेवण्याचे कारणच उरले नाही. खिडक्या बाहेर उघडू लागल्या. सोपा, म्हणजे ओसरी, रस्त्याच्या बाजूला आला, त्याला जाफरी लागली, पुढे पोर्च आला. परसू मागे सरकला, आणि जुन्या घरात माजघरालगत असलेली न्हाणी मागच्या भिंतीला टेकली.

अशा एका घराचे थोडे तपशिलात वर्णन करतो. जोते दोन-अडीच हात उंच, घडीव काळ्या दगडाचे, दगडांमधले सांधे (दर्जा) बाहेर उचलून भरलेले. वर विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, मंगळुरी कौलांचे छप्पर, आणि त्या छपराच्या त्रिकोणी तोंडाला लाकडी झालर. पायऱ्या तीन, दोन्ही अंगांना बसण्याजोगे दगडी कठडे. सोप्यात नक्षीची सिमेंटची फरशी, मधल्या खोलीत शहाबादी आणि स्वयंपाकघरात अगदी अलीकडेपर्यंत सारवलेली भुई. एकाच घरातली ही उतरंड मला फार बोलकी वाटते, कारण पैसा नेमका कोठे खर्च झाला आणि कोणाच्या वाट्याला काय आले, हे ती काही न बोलता सांगते. सोप्यातल्या बैठकीच्या दारावर रंगीत काचांची तावदाने होती. माजघराच्या दाराला साध्या फळ्या होत्या.

माझी विनंती अशी की, आपापल्या माहितीतल्या घरांविषयी येथे लिहावे. मालकांची नावे आणि पत्ते मात्र कृपया देऊ नयेत.

गूळपेठ:

लेख आवडला, पण आपला सिद्धांत राजारामपुरी आणि ताराबाई पार्क यांना जितका लागू पडतो तितका शाहूपुरीला पडत नाही, हे नोंदवणे भाग आहे. शाहूपुरी ही मुळात बाजारपेठ आहे. व्यापारी पेठेतले घर कंपाउंड सोडून मागे सरकलेले नाही. ते रस्त्याला भिडलेले आहे, कारण दारात गाडी लागली पाहिजे आणि गुळाचे रवे (ढेपा) थेट आत उतरले पाहिजेत. खाली अडत दुकान, मागे कोठार, वर बिऱ्हाड, अशी ती उभी मांडणी आहे. दुकानाचे तोंड एक-एक फळी खाचेत सरकवून बंद करण्याचे, आणि त्या फळ्यांवर कोणती कोठे बसते याचे आकडे कोरलेले. वरच्या मजल्यावर पुढे काढलेला सज्जा, त्याला बिडाचे नाहीतर सागवानी खांब. सौदा चालू असताना घरातली माणसे त्या सज्जातून खाली पाहत असत, म्हणजे चौकाचे काम तेथे रस्त्यानेच केले.

एक गोष्ट जवळून पाहिलेली सांगतो. जुन्या कोठारात दगडी फरशीच्या सांध्यांत मुरलेला गूळ पावसाळ्यात पाझरतो. बाजार तेथून मार्केट यार्डात गेला, कोठाराची गोदामे झाली, गोदामांची दुकाने झाली, तरी पहिल्या पावसानंतर काळपट चिकट रेघा उमटतात आणि मुंग्यांची रांग लागते. नव्या भाडेकरूला याचे कारण समजत नाही आणि तो घरमालकाकडे गळतीची तक्रार करतो.

रंकाळवेस:

आपला मुद्दा रास्त आहे आणि तो माझ्या मांडणीला पूरकच ठरतो. पेठ आणि एक्स्टेंशन हे दोन वेगळे प्रकार आहेत. शाहूपुरीत पेठेची रीत नव्या सरळ रस्त्यांवर आली. राहणीच बदलली ती नंतरच्या वसाहतींत. शाहूपुरीतच पाच बंगल्याचा जो भाग आहे, त्याच्या नावातच बंगला आहे, तेव्हा हे दोन्ही प्रकार तेथे शेजारी शेजारी नांदले असे म्हणता येईल.

घाणीचुना:

मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून सामानाविषयी लिहितो.

या घरांचा जीव चुन्यात आहे. भाजलेला चुना भिजवून, वाळूसह बैल फिरवतो त्या दगडी चाकाच्या घाणीत मळून, त्यात बेलफळाचे आणि गुळाचे पाणी घालण्याची रीत सगळीकडेच होती. गूळ आपल्याकडे दारातच पिकत असल्यामुळे कोल्हापुरात त्याची ददात नव्हती. चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. भिंत पावसाळ्यात फुगल्यासारखी दिसते, दिवाळीपर्यंत आपोआप सुकते. गेल्या चाळीसेक वर्षांत लोकांनी पोपडे निघतात म्हणून चुना खरवडून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर तेलरंग दिला. ओल आत अडकली, ती वर चढत गेली आणि तुळयांच्या टोकांपर्यंत पोहोचली. सागवान सहसा सडत नाही, परंतु भिंतीत रुतलेले त्याचे टोक वर्षानुवर्षे ओले राहिले तर तेही पिठासारखे होते. मग इंजिनिअर येऊन ‘इमारत धोकादायक’ असा शेरा देतो. बहुतेक वेळा दोष मूळ बांधकामाचा नसतो, दुरुस्तीचा असतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हे फार स्पष्ट दिसले. जयंती नाल्याच्या काठच्या सखल भागांत आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडे पाणी आले, तेव्हा उंच जोत्याची घरे तुलनेने सावरली. जेथे जोते बुडाले तेथेही चुन्याच्या भिंती काही महिन्यांत सुकल्या, तर सिमेंटने लिंपलेल्या भिंतींवर पुढचा पावसाळा आला तरी मिठाचे पांढरे थर येत राहिले. आपल्याकडे दुरुस्तीला गवंडी बोलावला की तो प्रथम सिमेंटची पोती किती लागतील ते सांगतो. चुन्यात काम करणारे हात आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत, आणि मी तरुण गवंड्यांना ते शिकवू पाहतो तेव्हा ते विचारतात की वाळायला एवढे दिवस लागतात तर मजुरी कोण देणार.

कौलांविषयी एक सूचना. अनेक जण कौल उलटून पाहतात आणि बासेल मिशनच्या छापाबरोबर १८६५ हा आकडा दिसला की घर त्या साली बांधलेले आहे असे समजतात. तो आकडा मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचा आहे. कौल त्यानंतर केव्हाही भाजलेले असू शकते, आणि कौले एका घरावरून उतरवून दुसऱ्यावर चढवण्याची पद्धत तर सर्रास होती.

झड:

घाणीचुना यांच्या प्रतिसादात थोडी भर घालते. पावसाची झड आपल्याकडे पश्चिमेकडून येते, हे या घरांच्या बांधणीत नीट दिसते. पश्चिमेच्या अंगाला छपराची पाखी जास्त खाली उतरवलेली असते आणि त्या बाजूच्या सोप्याला पावसाळ्यापुरते तट्टे बांधण्यासाठी खांबांत लोखंडी कड्या ठोकलेल्या असतात. घर रंगवताना त्या कड्या निरुपयोगी म्हणून काढून टाकल्या जातात. माझ्या आजोळी तट्टे बांधण्याचे काम रोहिणीच्या आसपास होई आणि त्या दिवसापासून घरात अंधार असे.

फरशीविषयीही एक. नक्षीच्या सिमेंट टाइल्स परदेशातून येत, त्या नंतर मुंबईतच होऊ लागल्या. भारत टाइल्सचा कारखाना १९२२ चा. त्यामुळे राजारामपुरीची घरे बांधली जात होती तेव्हा हा माल देशातल्या देशात मिळू लागलेला होता. या टाइल्स भट्टीत भाजत नाहीत, साच्यात रंग ओतून दाबाखाली घडवतात आणि पाण्यात मुरवतात, म्हणून रंगाचा थर जाड असतो आणि शंभर वर्षे पाय पडूनही नक्षी पुसत नाही. त्यावर आम्लाने सफाई करण्याची जी टूम निघाली आहे, ती मात्र नक्षी खाते. ओल्या फडक्याने पुसावे, अधूनमधून खोबरेल तेलाचा हात द्यावा, एवढे पुरते.

पाचवी गल्ली:

गुळगुळीत गोल बाल्कन्या, भिंतीवर आडव्या समांतर रेघा आणि जिन्यापाशी उभी लांब काच असलेली घरेही राजारामपुरीत आहेत. ती याच काळातली धरावीत का?

रंकाळवेस:

ती साधारण पुढच्या टप्प्यातली, म्हणजे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची धरावीत. सिमेंट स्वस्त आणि सहज उपलब्ध होणे हे त्यामागचे मुख्य कारण आहे. दहा कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन एसीसी ही सिमेंट कंपनी झाली ती १९३६ मध्ये. स्लॅब टाकता येऊ लागल्यावर कौलांची उतार राखण्याची अट संपली, घराला गच्ची आली आणि कोपरा गोल करता येऊ लागला. मुंबईत हीच शैली मरीन ड्राइव्ह आणि माटुंगा परिसरात दिसते. आपल्याकडे ती सिनेमामुळे अधिक रुळली असे काही जण म्हणतात. महाराष्ट्र फिल्म कंपनी येथलीच, १९२९ मध्ये प्रभातही येथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पडद्यावरचे देखावे रंगवणाऱ्या गावाला घराचा दर्शनी भाग सजवण्याचे आकर्षण वाटले असेल तर नवल नाही. तथापि हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

वारसदार:

आपण सर्वजण या घरांकडे रस्त्यावरून पाहता. मी आतून लिहितो.

आमचे घर याच वॉर्डात आहे. पणजोबांनी बांधले, आजोबांच्या काळात अर्धे भाड्याने दिले. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आणि त्याच्या जागी २००० मध्ये लागू झालेला कायदा, या दोहोंच्या छायेत भाडे जेथल्या तेथे राहिले. कौले चाळण्याचा (उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवण्याचा) एका वर्षाचा खर्च भाड्याच्या कित्येक वर्षांच्या रकमेहून जास्त येतो. पुढच्या पिढ्यांत हिस्से पडले. काही भाऊबंद पुण्यात, काही परदेशात. प्रत्येकाला आपल्या वाट्याचे पैसे हवे आहेत आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. बिल्डर येतो, तो प्रत्येकाला एक फ्लॅट आणि वर रोख देतो, भाडेकरूचेही भागवतो. दुरुस्तीची परवानगी मागायला मी एका कार्यालयात गेलो तेव्हा मला सांगण्यात आले की, दुरुस्ती कशाला करता, पाडून नवीन बांधा, ते लवकर मंजूर होईल. वारसा जपा असे सांगणाऱ्यांनी निदान कौले चाळायला तरी यावे.

आणखी एक. आमच्या घरातल्या बायकांना हे घर कधीच आवडले नाही. न्हाणी मागे, स्वयंपाकघर अंधारे, पाणी शेंदून आणायचे. रंगीत तावदानांचे कौतुक बैठकीत बसणाऱ्यांनी करावे.

झड:

शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. आत बदल करण्यास कोणी आडकाठी घेऊ नये. स्वयंपाकघराला मोठी खिडकी पाडली आणि न्हाणी आत घेतली म्हणून घराचे काही बिघडत नाही.

आडवी गल्ली:

नगररचनेच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण वारसदार यांची अडचण खरी आहे आणि तिला भावनेने उत्तर देता येणार नाही.

मुंबईत १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियम झाले, त्यांत मालकाला न वापरता येणारे चटईक्षेत्र टीडीआरच्या, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, रूपाने विकण्याची वाट ठेवली होती. तत्त्व योग्य आहे: समाजाला घर हवे असेल तर समाजाने त्याची किंमत मोजावी. परंतु टीडीआरला भाव जागेच्या टंचाईमुळे येतो, आणि कोल्हापूरसारख्या शहरात तो मुंबईइतका येणार नाही. शिवाय हे सर्व एकट्या-दुकट्या नामांकित इमारतीला उपयोगी पडते. राजारामपुरीत नामांकित इमारत एकही नसली तरी गल्ली मोलाची आहे. रंकाळवेस यांच्या लेखातला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चौक बाहेर आला असेल, तर जपायची वस्तू भिंत नसून ती बाहेरची जागा आहे: दोन घरांमधले अंतर, कंपाउंडची बुटकी भिंत, तिच्यावरून रस्त्यावर आलेली आंब्या-फणसाची फांदी. दर्शनी भिंत तेवढी राखून मागे सात मजले चढवले, तर कागदोपत्री वारसा टिकेल आणि प्रत्यक्षात ती गल्ली नाहीशी होईल.

२०२० मध्ये मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. इमारतीभोवती जागा सोडण्याची अट तिच्यातही आहे. पण आज सुटणारी ती जागा पेव्हिंग ब्लॉक आणि पार्किंगखाली जाते, तळमजला खांबांवर मोकळा ठेवून तेथेही गाड्याच लागतात. पूर्वी सोप्यात बसलेला माणूस आणि रस्त्याने जाणारा माणूस एकमेकांशी उभ्या-उभ्या बोलू शकत. त्या उंचीवर आता कोणी राहतच नाही. म्हणून मी गल्लीनिहाय नियम सुचवीन. रुंद मुख्य रस्त्यावर उंची वाढू द्यावी, आतल्या निवडक गल्ल्यांत उंचीला आणि कंपाउंडच्या भिंतीला मर्यादा घालावी आणि त्या गल्ल्यांतल्या मालकांना घरपट्टीत भरीव सूट द्यावी. घरपट्टी पालिकेच्या हातात आहे, त्यासाठी टीडीआरच्या बाजाराची वाट पाहावी लागत नाही.

वारसदार:

घरपट्टीतल्या सुटीने वारसांचे समाधान होणार नाही, परंतु कौले चाळण्याचा खर्च निघेल. तेवढे झाले तरी माझ्यासारखा माणूस आणखी काही वर्षे थांबू शकेल. गल्लीतल्या सर्वांना एकच नियम असेल तर शेजारी सात मजले बांधून मोकळा झाला आणि आपण मूर्ख ठरलो, ही भावनाही राहणार नाही. खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त तीच खुपते.

गूळपेठ:

शाहूपुरीसाठी आडवी गल्ली यांचा नियम वेगळा करावा लागेल. तेथे कंपाउंड नाही, दुकान आहे. आणि दुकान चालू राहिले तरच घर राहील. फळ्यांच्या जागी लोखंडी शटर आले तरी सज्जा आणि वरचे बिऱ्हाड टिकले तर पेठेचा चेहरा टिकतो. जाहिरातीच्या फलकांनी सज्जा झाकू नयेत एवढी एक अट घातली, तरी व्यापारी पेठ दोन दिवसांत ओळखू येणार नाही इतकी बदलेल.

रंकाळवेस:

चर्चा कामाच्या वळणावर आली आहे, म्हणून पुढे काय करता येईल ते मांडतो. नियम होतील तेव्हा होतील. त्याआधी कोणत्या गल्लीत काय आहे याची नोंद हवी. नगर भूमापन कार्यालयातील चौकशी नोंदवहीत भूखंड मूळ कोणत्या शर्तींवर दिला, आकार किती, भोगवटादार कोण, हे सापडू शकते. भूखंड देण्याचे हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटांत आणि दरबारच्या दप्तरांत शोधावे लागतील, आणि जुने कागद मोडी लिपीत असल्याने वाचणारा सोबत हवा. घराघरांत जुने बांधकाम परवान्याचे निळे नकाशे असतात, ते ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलेले असतात आणि घडीवर फाटतात. ज्यांच्याकडे असे नकाशे असतील त्यांनी ते उलगडण्याची घाई न करता आधी सांगावे. सपाट करून छायाचित्र कसे घ्यायचे ते मी समजावून देईन.

सुरुवात राजारामपुरीच्या आतल्या गल्ल्यांपासून करावी असे मला वाटते, कारण पाडापाडीचा वेग तेथेच सर्वांत जास्त आहे. घाणीचुना यांनी सामानाची नोंद कशी करावी याचा एक साधा तक्ता करून दिला तर बरे होईल.

घाणीचुना:

तक्ता देतो. जोते, भिंत, गिलावा, छप्पर, फरशी, लाकूड, लोखंड एवढे सात रकाने पुरेत. गिलाव्यापुढे ‘मूळ’ की ‘बदललेला’ हे मात्र नखाने कोपरा खरवडून पाहिल्याशिवाय लिहू नये. आणि खरवडण्याआधी मालकाला विचारावे.

पाचवी गल्ली:

माझ्याकडे घराचा निळा नकाशा आहे, त्यावर दरबारचा शिक्का आणि मोडीत सही आहे. उलगडलेला नाही. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.